काकूंची विंडो

"आमच्याकडे तर व्यवस्थित चालतंय," चष्मिश तिसऱ्यांदा म्हणाला आणि खुर्ची गर्रकन फिरवून आमच्याकडे पाठ करून बसला.

प्रोग्रॅमर लोकांचं हे ठरलेलं उत्तर. जगबुडी आली तरी त्यांच्या कॉम्प्युटरवर सगळं व्यवस्थितच चालतं! मी तोंड उघडणारच होते, पण मॅडमनी हातानेच मला गप्प केलं आणि आलेली तक्रार पुन्हा मोठ्याने वाचायला घेतली.

आमची कंपनी घरातल्या माणसांसाठी एक वेबसाइट चालवते. कुणाला कधी कुठे जायचंय, काय आणायचंय ते सगळ्यांना दिसतं, आणि एकमेकांना निरोप पाठवता येतात. तक्रार करणारी बाई नवऱ्यापासून वेगळी झाली होती, तो हात उगारायचा म्हणून. मुलीला घेऊन दुसरीकडे राहायला गेली होती. जुन्या घरातल्या कॉम्प्युटरवर तिचं खातं उघडं राहिलं असेल म्हणून तिने पासवर्ड बदलला, 'सगळीकडून लॉगआउट' हे बटणही दाबलं. तरी ती कुठे जाणार हे त्या माणसाला कळत होतं.

आम्ही सकाळपासून तेच तपासत होतो. तीन ब्राउझरमध्ये लॉगिन करायचं, बटण दाबायचं, तिन्ही विंडो बाहेर. एकही चुकत नव्हती. मग बाई काय स्वप्नात तक्रार करत होती?

माझ्या शेजारी काका आपल्याच स्क्रीनकडे बघत बसले होते.

आमच्या टेस्टिंगच्या टेबलावर माणसं दोनच, मी आणि काका. टेस्टर म्हणजे दुसऱ्याने केलेल्या स्वयंपाकाला आधी चाखून नावं ठेवणारा माणूस, कुणालाच न आवडणारा. पण काका सगळ्यांना आवडायचे, कारण ते चूकसुद्धा अशी दाखवायचे की जणू ती त्यांचीच आहे. निरोप पोचतो का ते बघायला दोन माणसं लागतात, आणि टेस्टर एकटा असतो. मग तोच दोघांची सोंगं घेतो. एका ब्राउझरमध्ये मात्र दोघं नांदत नाहीत. दुसऱ्याने लॉगिन केलं की पहिला बाहेर. म्हणून काका दोन वेगळे ब्राउझर शेजारी शेजारी लावायचे, डावीकडच्या विंडोत ते स्वतः आणि उजवीकडच्यात समोरचा माणूस. माझ्या स्क्रीनवर टॅबची एवढी गर्दी की कुठल्या टॅबमध्ये मी कोण आहे हे माझं मलाच कळत नाही. काका संध्याकाळी उजवीकडून सुरुवात करून एकेक टॅब बंद करायचे, एकेकाला लॉगआउट करायचे, ओटा पुसून ठेवावा तशी स्क्रीन लख्ख करून घरी जायचे.

एक विंडो सोडून. ती काकूंची.

आम्ही सगळे खोट्या नावांनी खोटे निरोप पाठवतो. 'टेस्ट टेस्ट', 'अबक', मला राग आला असेल तर याहून वाईट काहीतरी. काकांना ते पटायचं नाही. त्यांनी काकूंचं खरंखुरं खातं उघडून घेतलं होतं. ते इथून 'टेस्ट' लिहायचे आणि घरून उत्तर यायचं, 'टेस्ट झाली असेल तर जेवून घ्या.' आम्ही हसून बेजार व्हायचो.

एका दुपारी काकू दवाखान्यातून परस्पर ऑफिसातच आल्या. रिपोर्ट यायचे होते. काकांना त्या दिवशी अर्धवट लिहिलेला निरोप टॅब बदलल्यावर टिकतो का ते बघायचं होतं. त्यांनी काकूंना आपल्या खुर्चीत बसवलं. पासवर्ड टाकताना काकूंनी त्यांना तोंड फिरवायला लावलं.

"बघू नका हो चोरून! उद्या अख्ख्या ऑफिसला सांगाल."

"बरं बाई, नाही बघत. आता मला काहीतरी लिही आणि अर्ध्यात थांब."

काकूंनी एकेक अक्षर शोधत लिहिलं: 'येताना आठवणीने'.

"आता त्या दुसऱ्या टॅबवर जा. परत ये. राहिलं का?"

"राहिलं की."

"पुढे काय लिहिणार होतीस?"

"घरी सांगते. आधी चहा पाजा, दवाखान्यात बसून बसून घसा कोरडा पडलाय."

आम्ही तिघांनी चहा घेतला. मग रिपोर्ट आले, आणि त्यानंतर काकांचं नुसतं घर आणि दवाखाना सुरू झालं. त्या धावपळीत असल्या गोष्टी कोण विचारतं? गेल्या वर्षी काकू गेल्या.

विंडो तशीच राहिली. उजवीकडे 'येताना आठवणीने' आणि त्यापुढे लुकलुकणारा कर्सर. डावीकडे, काकांच्या स्वतःच्या विंडोत, काकूंच्या नावाशेजारी हिरवा ठिपका, म्हणजे त्या ऑनलाइन. काकांनी कॉम्प्युटरवर कागद चिकटवला, 'हा कॉम्प्युटर बंद करू नये.' आयुष्यात कुणावर आवाज चढवला नसेल, पण त्या कागदावरून सिस्टीमवाल्याशी कडाकडा भांडले. मधल्या काळात लॉगिनची सगळी पद्धत बदलली. त्या दिवशी ती विंडो आपोआप बंद पडायला हवी होती. पडली नाही. दुसऱ्याचा अनुस्वार चुकला तरी कळवणाऱ्या काकांनी ही चूक कधी कळवली नाही, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. कुणाचं काय बिघडत होतं हो त्याने?

आता मॅडम तक्रार वाचत होत्या आणि मी मुद्दाम काकांकडे बघत नव्हते. काका उठले, बेसिनवर जाऊन तोंड धुऊन आले.

"ती मुलीबद्दलची ओळ परत वाचता का, मॅडम?"

"'काल तो मुलीच्या दातांच्या डॉक्टरच्या दारात उभा होता. मुलगी खुर्चीखाली जाऊन बसली, बाहेर येईना.'"

काकांनी रुमालाने चेहरा पुसला. बराच वेळ पुसत होते.

"चालत नाहीये ते," ते म्हणाले. "तुम्ही नव्या विंडोत बघताय. पद्धत बदलली त्याच्या आधी उघडलेली आणि तेव्हापासून एकदाही बंद न केलेली विंडो घ्या. ती बाहेर पडत नाही. त्या माणसाने तशीच जपून ठेवली असणार."

"आता जुनी विंडो कुठून आणू?" चष्मिश वैतागला. "इतके दिवस असली विंडो उघडी कोण ठे..."

काकांची ती विंडो ऑफिसात सगळ्यांना माहीत होती.

"ये," काका म्हणाले. "माझ्याकडे आहे."

चष्मिश त्यांच्यामागे येऊन उभा राहिला. त्याने आपल्या लॅपटॉपवर कंपनीच्या यादीतून काकूंचं खातं काढलं. "काका, यांचं... सगळीकडून लॉगआउट करू?"

"कर."

त्याने बटण दाबलं. काही झालं नाही. कर्सर लुकलुकत राहिला, हिरवा ठिपका हिरवाच. माझा जीव भांड्यात पडला. काकांच्या चेहऱ्यावरही क्षणभर काय आनंद दिसला म्हणून सांगू! मग त्याचीच त्यांना लाज वाटली असावी. त्यांनी मान खाली घातली आणि डावीकडच्या विंडोतून 'टेस्ट' असा निरोप पाठवला. तो उजवीकडे काकूंच्या विंडोत लगेच आला.

"बघ. बाहेर काढलेल्याला सगळं दिसतंय."

"म्हणजे तो माणूस अजून तिचे निरोप वाचतोय," चष्मिश म्हणाला आणि लॅपटॉप घेऊन अक्षरशः पळाला.

जुन्या पद्धतीची सगळी सेशन, म्हणजे उघडी राहिलेली लॉगिनं, सरसकट बंद करायची, एवढाच उपाय होता. चष्मिश कधी नव्हे तो जेवणसुद्धा विसरून कामाला लागला. मी मधेच जाऊन त्याच्या कानाशी लागले. "सोमवारी टाक ना नवीन व्हर्जन. दोन दिवसांनी काय होतंय?"

त्याने माझ्याकडे बघितलं. त्यालाही तेच हवं होतं. पण काकांचे कान तिखट.

"त्या पोरीचे दात अर्धवट राहिलेत गं," ते जागेवरून म्हणाले. "तिला परत जायचं असेल."

मी माझ्या खुर्चीत येऊन बसले. गप्प बसणं मला जमत नाही. "मग काका, तो निरोप तरी पाठवून टाका. तुमच्या बाजूला राहील. लॉगआउट झालं की अर्धवट लिहिलेलं पुसलं जातं, तुम्हाला माहितेय."

"तिने पाठवला नव्हता. मी कसा पाठवू?"

"मग मी स्क्रीनचा फोटो काढून ठेवते."

"दोन तर शब्द आहेत, त्यांचा फोटो कशाला?" काका हसले. हसू कसलं ते, नुसते ओठ हलले. "मला पुढचे हवे होते. मीच थांब म्हणालो तिला. घरी जाऊन विचारायचं, तर तेही राहून गेलं."

मी उगीचच माझे टॅब बंद करायला लागले.

उन्हं उतरता उतरता चष्मिश आला. "झालंय. टेस्ट करायला हवं."

"मी करते," मी म्हणाले. "काका, तुम्ही जरा खाली जाऊन चहा घेऊन या."

"नको. दोन्ही विंडो माझ्या आहेत." त्यांनी खुर्ची पुढे ओढली, दोन्ही विंडो नेहमीसारख्या शेजारी शेजारी लावून घेतल्या. "कर रे."

चष्मिशने नवीन व्हर्जन टाकायचं बटण दाबलं. उजवीकडची विंडो पांढरी झाली. मग तिच्यावर आमचंच वाक्य उमटलं, जे काकांनी आजवर शेकडो वेळा तपासलं असेल: 'तुमचं सेशन संपलं आहे. पुन्हा लॉगिन करा.' खाली नावाचा चौकोन रिकामा, पासवर्डचा चौकोन रिकामा. तो पासवर्ड जगात कुणालाच माहीत नव्हता.

डावीकडे काकूंच्या नावाशेजारचा ठिपका करडा झाला. त्याच्याखाली बारीक अक्षरात आलं, 'शेवटच्या ऑनलाइन: आत्ताच.'

काका ते वाचत बसले. थोड्या वेळाने 'आत्ताच'च्या जागी 'एक मिनिटापूर्वी' आलं, तेव्हा त्यांनी नजर काढली. मला रडू आवरेना, मी सरळ रडले. चष्मिशने चष्मा काढून हातात धरला होता आणि कुठे बघावं ते त्याला कळत नव्हतं.

"बरोबर चालतंय," काका त्याला म्हणाले. "पास." आणि त्यांनी तसं लिहून टाकलं. मग मॅडमकडे जाऊन म्हणाले, "त्या बाईंना आजच कळवा. आता त्याला काही दिसणार नाही म्हणावं, मुलीला बिनधास्त घेऊन जा."

ऑफिस सुटलं तेव्हा काकांनी रोजच्यासारखी आवराआवर केली. उजवीकडची विंडो आधी बंद केली. मग एकेक टॅब, आणि सगळ्यांत शेवटी स्वतःच्या खात्याची विंडो. तिच्यात तेव्हा 'दोन तासांपूर्वी' दिसत होतं. कॉम्प्युटरवरचा कागद त्यांनी सोलून काढला. डिंकाचे डाग राहिले होते, ते नखाने खरवडले. मग कॉम्प्युटर बंद केला.

इतक्या दिवसांत तो कधी बंद झाला नव्हता. त्याचा पंखा थांबायला वेळ लागला. तो थांबेपर्यंत काका बॅग खांद्याला लावून शेजारी उभे होते.