एका तारखेची दोन पानं

मी विद्यापीठाच्या मुलींच्या व्हॉलीबॉल संघाची वही बोलतेय. बोलतेय खरी, पण माझंच डोकं ठिकाणावर नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

माझ्यात पुढे बारा खेळाडूंची नावं, मध्ये खर्च आणि मागे परीक्षेचे गुण. नावं तेवढी पेन्सिलीने लिहितात, कारण एखादी नापास झाली की तिचं नाव खोडायचं, असा नियमच आहे. माझी पानं एकमेकांना चिकटून असतात, पण ओळख म्हणाल तर शून्य.

संघातली सगळ्यात उंच पोरगी म्हणजे शिडी. पुढच्या पानावर तिच्या नावासमोर प्रशिक्षक सरांनी लिहिलेलं, 'आपला हुकमाचा एक्का.' आणि मागच्या पानावर? 'गणित : गैरहजर, नापास.' मी चक्रावलेच. पोरगी एक की दोन?

"मॅडम, त्या दिवशी मी बाहेरगावी आपलाच सामना खेळत होते हो!" शिडी काकुळतीला आली. पण सर मध्येच निवृत्त झालेले, परवानगीचं पत्र सापडेना. कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, "तोंडी काही चालत नाही. कागद आण." नव्या मॅडमनी जड हाताने नाव खोडलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

आठवड्याने हिशेब तपासणारे काका आले. बोटाला थुंकी लावून माझी पानं उलटायला लागले. शी! मग एकदम थबकले.

"खेळाडू अकरा आणि या बाहेरगावच्या सामन्याला जेवणाचे भत्ते बारा? बारावा भत्ता कोणी खाल्ला?"

मॅडम घाबऱ्याघुबऱ्या वाकून बघायला लागल्या. बाराव्या भत्त्यापुढे शिडीची सही होती, तारखेसकट. त्यांनी भराभर मागचं पान काढलं. गणिताच्या पेपरचीही तीच तारीख!

"अहो काका, तुमच्या तोंडात साखर पडो!"

चोरी सापडली की काय झालं, हे काकांना शेवटपर्यंत कळलं नाही. मलाही उशिराच उमगलं. पुरावा माझ्याच पोटात, आणि मलाच पत्ता नाही!

शिडीचं नाव परत आलं, फेरपरीक्षाही मिळाली. पोरींनी मला डोक्यावर घेऊन नाचवलं. मग मॅडमनी मागे फेरपरीक्षेची तारीख लिहिली आणि पुढे अंतिम सामन्याची. पुन्हा दोन्हीकडे एकच तारीख! आगीतून फुफाट्यात.

शिडीने खोडरबर मागितलं.

"अगं थांब, मी विचारून बघते," मॅडम म्हणाल्या.

"मी दोन्हीकडे विचारून आले. तारीख हलणार नाही म्हणतात. संघात अजून अकराजणी आहेत, मॅडम. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी एकटीच." आणि तिने आपलं नाव आपल्याच हाताने खोडलं.

आज मी मैदानाच्या कडेला बाकावर पडलेय. सामना सुरू झालाय, तिकडे शिडी गणितं सोडवतेय. पोरी मात्र सारख्या फाटकाकडे बघतायत. तिला हजर म्हणू की गैरहजर, मला अजून ठरवता येत नाही.

तारखा ठरवणाऱ्यांनो, पुढच्या खेपेला आधी माझी दोन्ही पानं उघडून बघा. दोनदा खोडून तिच्या नावाखालचा कागद पार पातळ झालाय. तिसऱ्यांदा खोडलंत तर फाटेन हो मी.