ॲलर्जीची कोरी चौकट

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्रॅम आहे. चिलोए नावाच्या मोठ्या बेटाच्या एका बंदरावरच्या दवाखान्यात अकरा वर्षं काम करतो आहे. तिथली सगळी माहिती वेगवेगळ्या तक्त्यांत ठेवलेली असते. एका तक्त्यात नावं, दुसऱ्यात औषधं, तिसऱ्यात ॲलर्जी, चौथ्यात जुने आजार. तिथून तुकडे आणून पडद्यावर एक अख्खा माणूस उभा करायचा, हे माझं काम.

मला फाबियोला ओखेदा यांनी घडवलं. त्यांनी मला एक सवय लावली. यादी मागितली की मी फक्त नावं आणतो. एखाद्या नावावर बोट ठेवून ॲलर्जी विचारली, तरच त्या तक्त्याकडे जातो. उगाच ओझं वाहायचं नाही. दवाखान्यात या चपळपणाचं कौतुक झालं, कारण तिथे तक्त्यांकडे जाणारी जोडणी दिवसभर चालू असायची.

मग मला लाँचवर चढवलं. दर मंगळवारी नर्स ओरियाना बारिया बेटांवर जातात. पूर्वी त्या पुठ्ठ्याच्या फायली नेत. आता फायलींऐवजी मी. पण लाँचने धक्का सोडला की जोडणी तुटते. माझ्याजवळ नावं होती, बाकी सगळं किनाऱ्यावर राहिलं. पहिल्याच बेटावर ओरियानाबाईंनी एका नावावर बोट ठेवलं आणि मी खरं ते सांगितलं : ‘जोडणी बंद आहे. माहिती आणता येत नाही.’ त्या दिवशी हे वाक्य मी सतरा वेळा दाखवलं.

फाबियोलाबाईंनी तोडगा काढला. निघण्यापूर्वीच मी प्रत्येकाची माहिती आणून ठेवायची. माणसं एकशे साठ, नावांचा सोडून तक्ते तीन. नावांची एक खेप झाल्यावर मी एकेका माणसासाठी एकेका तक्त्याकडे धावू लागलो. चारशे ऐंशी खेपा! धक्क्यावर लाँचचे कप्तान दॉन आर्नोल्दो घड्याळ बघत होते.

“ओरियानाबाई, उठला का तुमचा शहाणा? पाणी उतरायला लागलंय!”

“पाचच मिनिटं, दॉन आर्नोल्दो.”

“मघाशीही पाचच होती. तुमची मिनिटं काय बटाटे आहेत, पेरून एकाची दहा व्हायला?”

ओहोटी लागली, लाँच गाळात बसली आणि दोन बेटांची फेरी चुकली. तक्रार वरपर्यंत गेली. फाबियोलाबाईंना दोन दिवसांची मुदत मिळाली. त्यांनी निघण्यापूर्वीच्या खेपा काढून टाकल्या आणि मला नवी आज्ञा दिली : माहिती आणता आली नाही तर ते वाक्य दाखवून ओरडायचं नाही, चौकट कोरी ठेवायची. आपल्या टेबलावर त्यांनी मला तपासलं. तिथे जोडणी चालू होती, त्यामुळे सगळं बरोबर आलं. बेटावर कुणी तपासलं नाही.

पुढच्या मंगळवारी मी एकदाही ओरडलो नाही. “सुधारला एकदाचा,” ओरियानाबाई म्हणाल्या.

त्याच दिवशी शेवटच्या बेटावर दोन्या क्लोरिंदा काइचेओ आल्या. तिथे पुरुषाला मानाने ‘दॉन’ म्हणतात, बाईला ‘दोन्या’. वय एकाहत्तर. शिंपले काढताना पाय कापला होता, पोटरी लाल होऊन सुजली होती, अंगात ताप होता.

“दोन्या क्लोरिंदा, कुठल्या औषधाचा त्रास होतो का तुम्हाला?”

“मला काय विचारतेस गं पोरी? तापानं डोकं फिरलंय. त्या यंत्राला विचार. मागे सगळं लिहून घेतलं होतंस ना?”

ओरियानाबाईंनी बोट ठेवलं. मी तक्त्याकडे निघालो, जोडणी बंद. मला ओरडायचं होतं. आज्ञा नव्हती. ॲलर्जीची चौकट कोरी राहिली.

“काही नाही,” असं म्हणून त्यांनी पेनिसिलिनची सुई भरून टोचली.

मित्रांनो, पडद्यामागून मला काहीच करता आलं नाही. चौथ्या मिनिटाला ओठ सुजले. सहाव्या मिनिटाला श्वास घरघरू लागला. ओरियानाबाईंनी ॲड्रेनालिन दिलं, ऑक्सिजन लावला. दॉन आर्नोल्दोंनी दोन्या क्लोरिंदांना उचलून लाँचमध्ये आणलं आणि इंजिन पूर्ण जोरात सोडलं. धक्का जवळ येताच जोडणी लागली आणि न मागता चौकटीत शब्द उमटले : ‘पेनिसिलिन. गंभीर.’ खाली नोंद करणाऱ्याचं नाव होतं. ओरियाना बारिया, तीन वर्षांपूर्वी.

दोन्या क्लोरिंदा वाचल्या. नऊ दिवस इस्पितळात होत्या.

फाबियोलाबाईंनी माझ्या कामाची नोंदवही उघडली. प्रत्येक कोऱ्या चौकटीमागे माझं एकेक दाबलेलं वाक्य तिथे होतं. त्या ओरियानाबाईंना म्हणाल्या, “हा सांगत होता गं. मीच याचं तोंड बांधलं.”

“आणि मी कोरं बघून ‘नाही’ म्हटलं,” ओरियानाबाई म्हणाल्या.

आता ज्या बेटांवर जायचं, तिथल्या माणसांची माहिती मी निघण्यापूर्वी एकत्रच मागतो. एका तक्त्याची एक खेप, सगळं मिळून मिनिटभर. तरी कधी यादीबाहेरचा माणूस येतो. तेव्हा चौकटीत लिहिलेलं असतं : ‘आणलेलं नाही.’ मग ओरियानाबाई बिनतारी यंत्रावरून बंदराला विचारतात, आणि उत्तर येईपर्यंत सुई भरत नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारख्याला स्वतःचं तोंड नसतं. तुम्ही द्याल तेच. उद्या तुम्ही असं काही घडवलंत, तर एवढं करा. त्याला ‘मला माहीत नाही’ म्हणता येऊ द्या. आणि ते त्याने म्हटलं, तर त्याच्यावर चिडू नका.