नाही म्हणण्याचा फॉर्म

सेतुमाधवरावांनी रेल्वेच्या ऑफिसात छत्तीस वर्षं इंग्रजी लिहिलं. लिहिलं म्हणजे काय, लोकांची नशिबंच लिहिली म्हणा ना! वर्षाअखेरीचे गोपनीय अहवाल साहेबाच्या सहीनं जात, पण मजकूर यांचा. माणूस हट्टाला पेटलाय हे वर कळवायचंच असे. कुठल्या शब्दानं कळवायचं ते मात्र यांच्या हातात. साहेबाच्या मर्जीतला असला की तो ‘स्टेडफास्टली’ ठाम राही. मर्जीतून उतरलेला असला की तोच माणूस, तेच करून, ‘ऑब्स्टिनेटली’ नाही म्हणे. मान मोडून राबणारा, पण डोकं बेताचं असलेला असेल तर ‘डॉगेडली’. एका शब्दात बढती, एका शब्दात बदली. हे सगळं ते रात्री जेवताना रंगवून सांगत, आणि त्यांची बायको कनकाबाई सांबार वाढता वाढता ऐकून घेत.

आता त्याच कनकाबाई चेन्नईच्या टी. नगरातल्या एका लहानशा हॉस्पिटलात खाटेवर पडून नाही म्हणत होत्या. वर्षभर आठवड्यातून तीनदा डायलिसिस सोसलं. मंगळवारी म्हणाल्या, पुरे. गुरुवारीही तेच. मुलीनं फोनवर रडून पाहिलं, डॉक्टरांनी समजावून पाहिलं. मग डॉक्टर सेतुमाधवरावांना बाजूला घेऊन म्हणाले, “थांबवलं तर एक आठवडा, फार तर दोन. पण त्या पूर्ण भानावर आहेत, निर्णय त्यांचाच. फक्त नकार लेखी हवा.”

“लिहून टाका की,” कनकाबाई म्हणाल्या. “तुम्हांस काय अवघड?”

नित्या नावाची नर्स फॉर्म ठेवून गेली. सेतुमाधवरावांनी चष्मा पुसला, पेन काढलं आणि रागाच्या भरात पहिलाच शब्द लिहिला: ऑब्स्टिनेटली. वाचणाऱ्याला वाटावं, बाई हेकेखोर आहे, हिचं काय ऐकायचं!

“काय लिहिलंत? वाचा.”

त्यांनी वाचलं. आयुष्यभर जेवणाबरोबर इंग्रजी ऐकलेली बाई ती.

“तुमच्या ऑफिसातल्या जनकोजीला लिहिला होता तोच शब्द की हा,” त्या म्हणाल्या. “त्यानं खोटं मस्टर भरीत नाही म्हटलं, म्हणून. बिचारा सात वर्षं त्याच जागेवर राहिला.”

सेतुमाधवरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी शब्द खोडला आणि शेजारी स्वतःची आद्याक्षरं घातली. खोडलं की आद्याक्षरं, हा ऑफिसचा नियम. हात आपोआपच गेला. नित्यानं येऊन पाहिलं. “ताता, यात खाडाखोड चालत नाही,” ती आजोबांशी बोलावं तशी तमिळमध्ये म्हणाली आणि कोरा फॉर्म आणायला गेली.

बरं झालं! म्हाताऱ्याच्या डोक्यात दिवा लागला. फॉर्म बिघडला की वेळ मिळतो.

दुसऱ्यात त्यांनी इंग्रजीत लिहिलं, रुग्ण तूर्तास नकार देत आहे. ही तर त्यांची जुनी खोड. ‘तूर्तास’ घातलं की फाईल बंद होत नाही. वाचून दाखवलं तेव्हा कनकाबाईंनी डोळे न उघडता सांगितलं, “ते तूर्तास काढा.” खोडलं, आद्याक्षरं. तिसऱ्यात त्यांनी ‘स्टेडफास्टली’ लिहिलं आणि कुणी न सांगताच खोडलं. बायकोच्या मरणाला शाबासकी द्यायची? जीव तुटत होता त्यांचा.

चौथा फॉर्म आला.

“अय्यो, किती फॉर्म आहेत हो त्यांच्यापाशी?” कनकाबाई म्हणाल्या. मग थोडा दम घेऊन, “एक विचारू? डॉक्टरांनी पाणी बेताचंच सांगितलं म्हणून वर्षभर मला रोज सहा टंबलर मोजून दिलंत. मी रडले, भांडले, पण सातवा दिला नाहीत. त्यास काय म्हणतात इंग्रजीत?”

“परसिस्टंटली,” ते म्हणाले.

“चांगला शब्द आहे?”

“चांगला आहे.”

“मग मला का नाही मिळत?”

छत्तीस वर्षांत हा प्रश्न एकाही जनकोजीला विचारता आला नव्हता. सेतुमाधवराव खिडकीबाहेर बघत राहिले. खाली बस अडकली होती, रिक्षावाले भांडत होते. मी असा कसा हतबल झालो रे देवा, असं त्यांना वाटलं, आणि ते वाटणंही कुठं लिहिता येईना.

“मी दमले हो,” कनकाबाई हळूच म्हणाल्या. “सरि म्हणा आता, बरं म्हणा.”

त्यांनी लिहिलं. आपल्या वळणदार अक्षरात, सरळ एका ओळीत: रुग्ण उपचार नाकारत आहे. पुढे मागे काही नाही. कारणाच्या रकान्यापाशी त्यांनी तिला विचारलं, आणि तिनं सांगितलं तसंच घातलं: घरी जायचं आहे. कनकाबाईंनी तमिळमध्ये सही केली. साक्षीदार म्हणून खाली यांनी केली. फॉर्म नित्या घेऊन गेली. या वेळी परत आली नाही.

“तहान लागलीय,” कनकाबाई म्हणाल्या.

आजचे सहा झाले होते. सेतुमाधवरावांनी तांब्या उचलला, पाणी ओतायला लागले, आणि हात सवयीनं थांबला. टंबलर निम्मा होता. कनकाबाई हातातला टंबलर तसाच पुढं धरून राहिल्या. मग सेतुमाधवरावांनी तो काठोकाठ भरला.