ते सकाळीच ऑफ झाले

मी एक जुना, काळा, डायलचा टेलिफोन आहे. अंबडच्या एका कारखान्याच्या भंगारखोलीत धूळ खात पडलो आहे. हसू नका, मित्रांनो! नव्वदच्या दशकात माझा काय रुबाब होता! खिडकीजवळच्या टेबलावर माझी जागा. रोज मला पुसायचे आणि मी जरा खरखरलो तरी साहेब स्वतः धावत यायचे.

पण माझ्यातून गेलेल्या एका वाक्याने मला आजही कापरे भरते.

आमच्या कारखान्यात ड्युटी संपली की 'ऑफ झाला' म्हणत. बाहेर ऑफ झाला म्हणजे माणूस मेला, हे आमच्या शहाण्यांच्या डोक्यातच आले नाही.

गोरक्ष हा आमचा रात्रपाळीचा कामगार. त्याच्या छातीत दुखते आहे, असा निरोप कुणीतरी गावी पोचवला. त्याची बायको सविता घाबरली. तिने कळवणच्या बूथवरून फोन लावला आणि नवऱ्याची चौकशी केली. माझ्या टेबलाशी बसून फोन घेणाऱ्या ज्योत्स्नाबाई कामाच्या गडबडीत होत्या.

"गोरक्ष ना? ते सकाळीच ऑफ झाले."

एवढे बोलून त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला. पलीकडची किंकाळी त्यांनी ऐकलीच नाही. मी ऐकली! माझ्यातून साऱ्या जगाचे बोलणे जाते, माझे स्वतःचे मात्र एक अक्षर जात नाही. मी नुसता तडफडलो.

दुपारी गेटवर जीप थांबली. सविता उतरली. कपाळ पुसलेले, हातात एक बांगडी नाही. सोबत दीर दत्तू होता.

"आमचं माणूस आमच्या ताब्यात द्या," तो म्हणाला.

ज्योत्स्नाबाई पांढऱ्याफटक पडल्या. ऑफ म्हणजे ड्युटी संपली हो, असे त्या परोपरीने सांगू लागल्या.

"खोटा धीर नका देऊ, ताई," सविता म्हणाली.

शिपाई गोरक्षच्या खोलीवर धावला. खोलीला कुलूप! आता ज्योत्स्नाबाईंनाच शंका आली. खरेच काही झाले असेल तर?

तेवढ्यात गोरक्ष सायकलवरून आला. दवाखान्यातून पित्ताच्या गोळ्या घेऊन, गावी फोन करायला म्हणून तो आमच्याकडेच आला होता. त्याने बायकोचे कपाळ पाहिले, हात पाहिले. सायकल तशीच पडली.

"कोण गेलं?" त्याने विचारले.

सविताने त्याचा सदरा दोन्ही मुठींत धरला आणि ती खालीच बसली.

मित्रांनो, आता तुमच्या खिशात मोबाइल आले, शब्द आणखी आखूड झाले. माझे एवढे ऐका. माणसाची खबर देताना वाक्य पुरे करा. आणि पलीकडच्याला काय कळले, ते विचारल्याशिवाय फोन ठेवू नका.