बेचाळिसावा नंबर

"लाइन जोडलीस ना, मग पलीकडचा आवाज कानावर पडेपर्यंत जागची हलू नकोस."

टेलिफोन एक्सचेंजच्या मोठ्या बाई हे अशा सुरात सांगायच्या, जणू देवापुढे उभं राहून सांगताहेत. एक्सचेंज बंद पडून बारा वर्षं झाली, मोठ्या बाई तर त्याच्याही आधी गेल्या, पण त्यांचं वाक्य तिथे लाइनी जोडणाऱ्या हॅलोताईंच्या अंगात भिनलं ते भिनलंच. वस्तीत बेचाळीस घरं, म्हणून बेचाळीस नंबर. सकाळची प्रार्थना झाली की ताई अजूनही ते सगळे नंबर ओळीने पुटपुटायच्या आणि ज्याचा नंबर त्याचं भलं चिंतायच्या. हा नेम तापातसुद्धा चुकला नव्हता. फक्त शेवटच्या नंबरापाशी जीभ अडखळायची.

बेचाळीस म्हणजे टेकडीवरचे घड्याळवाले दादा. एक्सचेंजच्या शेवटच्या दिवशी त्यांनी परदेशातल्या धाकट्या बहिणीला फोन लावून मागितला होता. ताईंनी लाइन जोडली, पलीकडे घंटी वाजू लागली आणि तेवढ्यात बाहेरून हाक आली, निरोपाचा फोटो काढायचाय, चला. ताई उठल्या. परत येऊन बघतात तो कुणीतरी मुख्य खटका खाली ओढलेला. दादा तासभर रिसीव्हर कानाला लावून बसले होते म्हणे. तेव्हापासून बहीणभावाची फक्त पत्रं. टेकडीवर मोबाइलची एक दांडी यायची, तीही समोरच्याचं अर्धं वाक्य गिळून टाकायची.

आता सरकारने घरोघरी ब्रॉडबँड न्यायचं मनावर घेतलं होतं आणि त्याची केबल थेट जुन्या एक्सचेंजच्या खोलीत येऊन पोचली होती. नावं नोंदवायला, घरात लावायच्या इंटरनेटच्या डब्या वाटायला, लोकांना समजावून सांगायला ताईंनाच नेमलं. अट एकच होती. आठवडाभराने, शुक्रवारी पाच वाजता, निदान चाळीस घरं चालू दिसली पाहिजेत. नाही दिसली तर केबलची इथली मोठी पेटी उचलून नदीपलीकडच्या वस्तीत बसवणार. ताई घरोघर फिरल्या, सगळ्यांनी डब्या घेतल्या, भिंतीवर हिरवे दिवे लागले. ताईंना वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता केबलचं काम बघायला आलेल्या अभियंता बाई स्क्रीनसमोरून उठून आल्या. मुलगी तरुण होती, एरवी हसतमुख. आत्ता तिचा चेहरा उतरला होता. म्हणाली, चौदाच घरं दिसताहेत.

ताई चपला न घालताच शेजारी नणंदेकडे धावल्या. वन्संच्या डबीवर लोकरीचं विणलेलं झाकण होतं, झाकणावर प्लास्टिकची पिशवी, आणि बटण बंद.

"अहो वन्सं, बंद का ठेवलंय हे?"

"तुम्हीच नाही का म्हणालात, वहिनी? सरकारी वस्तू आहे, जिवापाड जपा. गरजेपुरतं लावते, लगेच बंद करते. उगाच झिजायला नको."

ताईंना हसावं की रडावं कळेना. डबी हातात ठेवताना त्या प्रत्येक घरात तेच बोलल्या होत्या. आणि वस्तीने त्यांचा शब्द इतका पाळला होता की पाववाल्याने डबी पेटीत कुलूपबंद केली होती, तर शिंपीणबाईंनी ती माळ्यावर पाहुण्यांच्या कपबशांशेजारी ठेवली होती.

दोन तास उरले होते. बेचाळीस घरं एकट्या पायांनी गाठणं होण्यासारखं नव्हतं. मग जुनी सवय कामी आली. एक्सचेंजच्या काळात कुणाच्या नंबरापुढे कुणाचा नंबर हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं. एकाचा फोन चुकून दुसऱ्याकडे लागायचा आणि भांडणं तिथूनच सुरू व्हायची. ताई म्हणाल्या, "वन्सं, तुमचा नंबर सात. आठवालीला गाठा. डबी लावा, बंद करू नका, आणि तिने नऊवाल्याला सांगायचं."

"आठवाली माझ्याशी चार वर्षं बोलत नाही."

"मग ऐकून तर घेईल."

वन्संनी पदर खोचला आणि निघाल्या. निरोप गल्लीगल्लीतून पळू लागला. खिडक्या उघडल्या, माळ्यांना शिड्या लागल्या, पाववाल्याला किल्ली सापडेना म्हणून त्याच्या बायकोने लाटण्याने कुलूप फोडलं. आठवाली चार वर्षांनी वन्संच्या दारात येऊन विचारून गेली की हिरवा दिवा लुकलुकतोय तो चालतो ना. एक्सचेंजच्या खोलीत अभियंता बाई मोठ्याने आकडे सांगत होत्या. बावीस. एकोणतीस. छत्तीस. दारात जमलेली माणसं प्रत्येक आकड्याला एकेक पाऊल आत सरकत होती. सव्वाचारला एकोणचाळीस झाले आणि आकडा तिथेच थांबला.

राहिलेल्या तिनांपैकी दोन घरांना कुलूप, माणसं परगावी. तिसरा नंबर कुठला, ते ताईंना कुणी सांगायची गरज नव्हती.

टेकडी चढेपर्यंत त्यांचा ऊर भरून आला. घड्याळवाले दादा भिंग डोळ्याला लावून एका मनगटी घड्याळावर वाकले होते. तार त्यांच्या खिडकीपर्यंत आलेली, डबी मात्र खोक्यातच. बहिणीने पाठवलेली पाटीएवढी स्क्रीनही कपाटात तशीच पडून. ताईंनी सगळं सांगितलं. दादांनी मान वर केली नाही.

"तुझ्या तारेचा मला अनुभव आहे," ते म्हणाले.

"खरं आहे. त्या दिवशी मी उठले. उठायला नको होतं."

बारा वर्षांत हे वाक्य ताईंच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं. दादांनी भिंग काढून ठेवलं.

"माझी बहीण आपल्या सातला घरी येते. ती दिसेपर्यंत बसशील?"

"बसेन. पावणेसातला येते, तिचा आवाज आल्याशिवाय उठत नाही."

"आणि खाली फोटो काढायला बोलावलं तर?"

"तर फोटो माझ्याशिवाय निघेल."

दादांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. ताई उतरल्या त्या मनात धाकधूक घेऊनच. चार पंचावन्नला खोलीत पोचल्या तेव्हा श्वास घ्यायलाही कुणी तयार नव्हतं. एकोणचाळीस. अभियंता बाईंची नजर घड्याळावर. ताईंचे ओठ हलत होते, नंबर म्हणत होत्या की प्रार्थना, त्यांनाही सांगता आलं नसतं. दोन मिनिटं राहिली असताना स्क्रीनच्या अगदी तळाशी एक हिरवा ठिपका उमटला. अभियंता बाई चाळीस म्हणाल्या, पण तो शब्द कुणाला ऐकूच गेला नाही, इतका गलका झाला. वन्संनी आठवालीला मिठी मारली आणि मग कुणाला मारली हे लक्षात येऊन आणखी घट्ट मारली.

साडेसहाला मोठे साहेब आले. खुर्च्या मांडल्या, चहा झाला, पाववाल्याने सगळ्यांना गरम पाव वाटले. साहेबांनी चाळीस घरांचं तोंड भरून कौतुक केलं आणि म्हणाले, आता एक फोटो, ताई मधल्या खुर्चीत. फोटोवाला माणसं हलवू लागला. उंच मागे, बुटकी पुढे.

ताईंनी हळूच वन्संचा हात धरून त्यांना मधल्या खुर्चीत बसवलं. वन्संनी वर पाहिलं, काय समजायचं ते समजल्या आणि पदर पसरून खुर्ची भरून बसल्या.

मागच्या दाराशी ताईंनी चपला पायांत सरकवल्या. आत कुणीतरी त्यांचं नाव घेऊन हाक मारत होतं. टेकडीवर शेवटच्या खिडकीत एक बारीकसा हिरवा दिवा दिसत होता. ताईंनी पदर डोक्यावरून घेतला आणि त्या चढण चढू लागल्या.