बेचाळीस शेतांची नावं

आकारामचं पत्र दीड वर्ष माझ्या टेबलाच्या खणात पडून होतं. तो कुपवाडच्या एका कारखान्यात फिटर. आई मनुबाई पाटणजवळच्या गावी. 'तात्या, आईनं सांगितल्याली शेतांची नावं छापून धाडा. तिला आता दिसत न्हाई, मी वाचून दाखवीन. लय वाट बघती.'

सात-बाऱ्यावर शेताला नुसता गट नंबर असतो. सुनेचा तुकडा, वाघबीळ, हडकी ही नावं फक्त मनुबाईंच्या तोंडी होती. अशी बेचाळीस, मी त्यांच्याकडून उतरून घेतलेली. माझ्या वहीला वाळवी लागली, तेव्हा यादी उरली ती एकट्या संगणकात. पुढं तो बिघडला आणि दुरुस्तीत मराठीचा प्रोग्रॅम गेला. त्याच्याशिवाय यादी उघडली की नुसती रांगोळी दिसायची. एकाच डिस्कचे दोन वाटे, सी आणि डी; नवा प्रोग्रॅम सीवरच बसणार, आणि तिथं जागा नाही. जागा सगळी डीवर, यादीच्या शेजारी. नक्कल काढून ठेवावी, तर फ्लॉपी ड्राइव्ह बंद. आकारामला काय कळवणार? पत्र खणात सारलं.

अठ्ठ्याण्णवच्या मार्चात क्षमानं डिस्कची वाटणी बदलायचं सॉफ्टवेअर सीडीवर आणून दिलं. ती साताऱ्यात संगणकाचे वर्ग घेते, आमच्याच खालच्या मजल्यावर राहते. ती चहा आणायला खाली गेली, तेवढ्यात मी हात घातला. शेतांबद्दल टिपणं करण्यात माझा जन्म गेला. बांध सरकवायचा तर आधी जुना फोडतात, मग नवा घालतात, एवढंच मला ठाऊक. मी डी पुसला, सी वाढवला, उरलेल्यात नवा डी आखला. पडद्यावरचा डीचा भरलेला पट्टा कोरा झाला, तेव्हा कुठं मला आठवलं, यादी त्यातच होती.

"क्षमा, गेली गं यादी! मी घालवली!"

ती धावत आली, पडदा पाहिला आणि हसायला लागली. "अहो काका, कुठं काय गेलंय? हे खाली बघा, तुमचे तीन बेत लिहिलेत. 'अप्लाय' दाबेपर्यंत डिस्कला पत्ताच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नुसती बोलणी झालीत, अक्षता पडायच्यात. अनडू दाबा. तीनदा."

मी दाबलं. एकेक बेत मागं गेला आणि डी होता तसा पुन्हा उभा राहिला. मग नव्यानं आखलं: आधी डी आखडून घेतला, मग मोकळी झालेली जागा सीला जोडली. शंका आली, अनडू केलं. परत आखलं. असं पाच वेळा.

"काका, दिवस मावळेल. सगळं बरोबर आहे."

"मध्येच वीज गेली तर?"

"तर मात्र गेलं. अप्लायनंतर अनडू नाही. मी दाबू?"

"नको," मी म्हणालो. "नावं मनुबाईंनी मला सांगितली होती."

आणि दाबलं.

अडुसष्ट टक्क्यांवर डोक्यावरचा पंखा मंदावला. क्षमानं माझा दंड घट्ट धरला. पंखा पुन्हा पळायला लागला, आकडाही पळाला. शंभर! प्रोग्रॅम बसला, यादी उघडली आणि रांगोळीची अक्षरं झाली. पहिलं नाव मी इतक्या मोठ्यानं वाचलं की खालून क्षमाच्या सासूबाई ओरडल्या, "काय झालं हो वर?"

"वाघबीळ सापडलं!" जन्मात पहिल्यांदा मी जिन्यातून ओरडलो.

छापलेल्या यादीबरोबर पत्र लिहिलं: 'आकाराम, आईला सांग, बेचाळीसच्या बेचाळीस आहेत. उशीर माझ्यामुळं झाला.' पाकीट दोनदा फोडून नावं मोजली. तिसऱ्यांदा चिकटवलं, पोवई नाक्यापर्यंत तरातरा चालत गेलो आणि टपालपेटीत टाकलं.