पिवळी पिशवी

मी रक्त गाळणारी मशीन बोलतेय. ऐकायचं तर नीट ऐका. दोनदा सांगायची मला सवय नाही, आणि एकदा सांगितलेलं इथे कुणाला कळत नाही, असा माझा गोंदियातला अनुभव आहे.

माझा जन्म परदेशातला. तिथे हातमोजे घालून मला जोडलं. २००७ साली इथल्या एका रुग्णालयात आले, तर पहिल्याच दिवशी माझ्या पडद्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि पायाशी नारळ फोडला. त्याचं पाणी माझ्या चाकांत गेलं. विश्वस्तांनी भाषणं ठोकली, माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतले. मी नेमकं काय करते, हे एकानंही विचारलं नाही. मग मला प्लास्टिकची खोळ घातली. पाहुणे आले की ती काढायची, गेले की पुन्हा चढवायची.

म्हणून मीच सांगते. काही हट्टी आजारांत शरीराचे राखणदारच घरच्यांवर उलटतात. ते असतात रक्तातल्या पिवळट पाण्यात. मी रुग्णाचं रक्त आत घेते, गरगर फिरवून ते पिवळं पाणी वेगळं करते, पिशवीत टाकते आणि लाल रक्त चांगल्या पाण्यासोबत परत देते. एका बैठकीत भागत नाही. दिवसाआड पाच तरी लागतात. यात न समजण्यासारखं काय आहे?

पुढच्या वर्षी धानाची रोवणी आटोपता आटोपता सौंदडची भूमेश्वरी आली. पंचविशीतली सून. बांधावरून उठायला गेली, तर पायच उठेनात. चार दिवसांत हातही गळाले. राखणदार नसांवर उलटले होते, म्हणजे काम माझंच. सोबत सासरा बिसनलाल, धोतर पांढरंशुभ्र आणि मान ताठ. आणि नवरा उमेंद्र, जो बापाच्या तोंडाकडे पाहिल्याशिवाय पाणीही पीत नसे.

भूपेंद्र डॉक्टरांनी माझी खोळ काढली. काम त्यांना येत होतं, तेवढं मी मान्य करते. पण कुणाला समजावून सांगायचं म्हटलं की त्यांच्या जिवावर येई. पिशवी भरू लागली तसं बिसनलालनं विचारलं, "डाक्टरसाब, हे पिवळं काय होय जी?"

"खराब पाणी आहे. निघून राहिलं," डॉक्टर म्हणाले आणि मोबाईल कानाला लावून बाहेर गेले.

झालं. म्हाताऱ्याच्या डोक्यात उजेड पडला, तोही उलटा. त्यांच्याकडे कावीळ झाली की मनिराम वैद्याकडे जातात. तो चुन्याच्या पाण्यात हात चोळायला लावतो. पाणी पिवळं होतं आणि 'उतरली' म्हणून माणूस घरी जातो.

दुसऱ्या बैठकीनंतर भूमेश्वरीच्या पायाचा अंगठा हलला. मला स्वतःलाही बरं वाटलं, हे कुठे बोलू नका. बिसनलालनं मात्र निकालच लावला. "कावीळच होती. नसागिसा काही नाही. मनिराम वाटीभर काढते, इथं तं थैल्या भरल्या. आता अंगात काय उरलं? चाला घरी."

"मामाजी, मले उभं राहता येऊ द्या न," ती पडल्या पडल्या म्हणाली. "मंग जाऊ."

"घरी होशीन उभी. खाल्लं-पेल्लं का ताकद येते."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं बापाकडे. "अजून तीन बाकी आहेत," डॉक्टर म्हणाले. "आता कायले?" म्हाताऱ्यानं विचारलं. डॉक्टरांनी खांदे उडवले आणि सही घेतली. कायले, हे सांगायला पाच मिनिटं लागली असती. पण बाहेर त्यांचे पेशंट ताटकळत होते ना.

आठवडाभरात तिला जीपमध्ये टाकून परत आणलं. उरलेले राखणदार आता छातीच्या नसांपर्यंत पोचले होते, श्वास जेमतेम चालू होता. माझ्यापर्यंत ती पोचलीच नाही, दारातच संपली.

वाटलं, आता तरी कुणी काही शिकेल. कुठलं! दोन वर्षांनी बिसनलाल पुन्हा हजर, कावीळ झालेल्या जागेश्वर नावाच्या पाहुण्याला घेऊन. "याले त्या मशीनवर चढवा जी. आमच्या सुनीचं सारं पिवळं हिनंच काढलं होतं. बिचारी मंग दुसऱ्याच कशानं तरी गेली."

भूपेंद्र डॉक्टरांना खरं माहीत होतं. पण म्हाताऱ्याची चूक सांगायची तर त्याच वाक्यात स्वतःचीही सांगावी लागली असती. "होतं कधी कधी असं," ते म्हणाले. म्हाताऱ्यानं हात जोडले, डॉक्टरांनीही जोडले. असे हे दोघे शहाणे. मला दोघांचीही किळस आली.

उमेंद्र मागे उभा होता. या खेपेला त्यानं बापाकडे पाहिलं नाही. "डाक्टरसाब," तो म्हणाला, "त्या तीन बाकी होत्या न. त्या केल्या असत्या तं?"

डॉक्टरांनी मोबाईल कानाला लावला. बिसनलालनं त्याला दंडाला धरून बाहेर नेलं.

आता माझा पट्टा झिजलाय, मोडक्या स्ट्रेचरांशेजारी पडून असते. भंगारात घाला, माझी तक्रार नाही. तुमच्याकडून फार अपेक्षाही नाही. फक्त उमेंद्रला कुणीतरी उत्तर द्या. सांगा त्याला की बहुतेक जगली असती.